एकही आक्षेप

पाकिटावर शिष्यकाकांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघून दे. बाकी सगळं ठीक आहे.' वीस वर्षं मुद्रितशोधनाची नोकरी केल्यावर या वाक्याचा अर्थ तिला पाठ झाला होता. ज्याला बाकी सगळं ठीक वाटतं त्याच्याच मजकुरात पानंच्या पानं उलटी लागलेली असतात. तरी तिने सवयीने पेन्सिलीला टोक केलं, टेबलावरची भूगोलाची प्रुफं बाजूला सारली आणि कागद खिडकीच्या उजेडाकडे तिरका धरला. एकच कागद, नऊ ओळी, पितळी पाटीवर कोरायच्या. सगळ्यात वर बाबांचं नाव, त्याखाली जन्माचं आणि मृत्यूचं साल, दोन्हींच्या मध्ये आडवी रेघ. अशी रेघ तिला रोज भेटायची, कोशात, चरित्रात, सूचीत. तिची लांबी किती असावी, दोन्ही अंगांना मोकळी जागा सोडावी की नाही, यावर ती संपादकांशी कडाकडा भांडलेली होती. आज त्या रेघेवर तिला काहीच मत देता येईना. ती पुढे गेली. शिक्षण, नेमणूक, बढत्या, निवृत्ती. आठव्या ओळीवर पेन्सिल थांबली. 'चौतीस वर्षांच्या सेवेत त्यांनी आपला एकही आक्षेप मागे घेतला नाही.' तिने ते वाक्य अक्षरं सुटी करून वाचलं. मग शेवटाकडून सुरुवातीकडे वाचलं, नवख्यांना ती शिकवत असे तसं, म्हणजे अर्थ आडवा येत नाही आणि चूक उघडी पडते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक कुठेही नव्हती. वाक्य फक्त खोटं होतं.

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. सरकारी खात्यांचे हिशेब तपासायचे हा त्यांचा धंदा, आणि ज्या ऑफिसातून ते चौतीस वर्षं हे करत राहिले त्या ऑफिसने नवीन भरती होणाऱ्यांच्या शिकवणीच्या खोलीला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं होतं. ठरवणारे अर्थात शिष्यकाका. बाबांच्या हाताखाली सगळ्यात जास्त वर्षं राहिलेला हा माणूस, घरी येऊन जाऊन असायचा, आईने एकदा चहा देताना 'हे काय, यांचे शिष्य आलेत' म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. पुढे तो ऑफिसचा प्रमुख झाला, केस पांढरे झाले, तरी या घरात तो शिष्यकाकाच राहिला. पाटी कोरणाऱ्याला मजकूर उद्या दुपारी बारापर्यंत हवा होता. शिष्यकाकांनी तो प्रेमाने लिहिला होता हे ओळीओळीतून दिसत होतं आणि आठवी ओळ त्यांनी सगळ्यात अभिमानाने लिहिली होती, हेही तिला समजत होतं. कारण त्या धंद्यात आक्षेप मागे घेणं म्हणजे काय, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. हिशेबात काही खटकलं की तपासनीस आक्षेप लिहितो. समोरच्याने पटेल असा खुलासा दिला, किंवा पैसे भरले, की आक्षेप निकाली निघतो. निकाली निघण्यात कोणाची मान खाली जात नाही. मागे घेणं वेगळं. मागे घेणं म्हणजे तो आक्षेप मुळात घ्यायलाच नको होता, असं ज्याने घेतला त्यानेच कबूल करणं. बाबांना खात्याखात्यांत काटासाहेब म्हणत. ऑफिसातल्यांच्या मते तराजूच्या काट्यावरून, आणि ज्यांचे हिशेब तपासले जात त्यांच्या मते, पायात मोडतो त्यावरून. बाबांना दोन्ही अर्थ माहीत होते आणि दुसरा जास्त आवडायचा.

घरात ऑफिसचा कागद कधी येत नसे, पण ऑफिसची रीत घरभर होती. आक्षेप लिहायचा कागद उभा दुमडून त्याचे दोन भाग करायचे, डाव्या अर्ध्यात आपण विचारायचं आणि उजवा अर्धा कोरा सोडायचा, समोरच्याच्या उत्तरासाठी. अर्धा समास म्हणायचे त्याला. शाळेत बोटभर समास सोडायला सांगत, आणि तिला वाटायचं, बाबांचं ऑफिस किती श्रीमंत आहे, अर्धं पान सोडतात. ते बोलायचेही तसेच. एक प्रश्न विचारायचे आणि थांबायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, अहो, पोरीला मेमो काढू नका, जेवायला बोलवा. जेवताना मात्र ते कधीकधी मोकळे होत. ती नऊ वर्षांची असताना अशाच एका संध्याकाळी त्यांनी एका लांबच्या गावातल्या सरकारी दवाखान्याची गोष्ट सांगितली होती. दवाखान्याच्या कोठीतून रोग्यांना दूध, पाव, अंडी जायची. फेब्रुवारीच्या हिशेबात दूध जास्त निघालं, पावही जास्त, अंडीही जास्त. प्रत्येक जिन्नस बरोबर एका दिवसाचा जास्त, ना थेंब इकडे ना थेंब तिकडे. त्यांना त्याचं भारी कौतुक वाटलं होतं. चोर थोडं थोडं, अंदाजे, वेडंवाकडं उचलतो. पण या कोठीबाईने एकशेचाळीस माणसांचं एका दिवसाचं अख्खं जेवण जुळवून गायब केलं होतं. 'चोरीलासुद्धा शिस्त असते,' बाबा म्हणाले होते आणि पोळीचा तुकडा हातात तसाच धरून ते स्वतःशी हसले होते. तिला ते वाक्य इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने ते सगळ्या मैत्रिणींना ऐकवलं. माझ्या बाबांनी दूधचोर बाई पकडली. मैत्रिणींनी विचारलं, कशी दिसते गं? आणि तिने, जिला कधी पाहिलं नव्हतं त्या बाईचं, बेधडक वर्णन केलं, जाडजूड, ओठांना साय लागलेली. आठवड्याभरात शाळेत त्या बाईवर एक खेळ तयार झाला. आज, चौतीस वर्षांनी, चौथ्या मजल्यावरच्या या खोलीत, हातात पेन्सिल धरून बसलेली असताना तिचे कान गरम झाले.

शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीने विचारलं, चहा सांगू का? ती हो म्हणाली आणि चहा आला तेव्हा तो कोणी मागवला हे तिला आठवेना. दवाखान्याच्या त्या गोष्टीला तेव्हा दोन वर्षं लोटली होती. तिला गणिताच्या बाईंनी गृहपाठ दिला होता, मागच्या वीस वर्षांतली लीप वर्षं लिहून आणा. ती न्हाणीघराच्या दाराशी वही घेऊन उभी होती आणि मोठ्याने म्हणत होती. बाबा आत आरशासमोर दाढी करत होते. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता. तिने एक साल म्हटलं, आणि वस्तरा गालापाशी येऊन थांबला. परत म्हण, ते म्हणाले. तिने परत म्हटलं. त्या वर्षी फेब्रुवारी किती दिवसांचा? तिला वाटलं, परीक्षा घेतायत. एकोणतीस, ती म्हणाली. त्यांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. तो चेहरा तिला पुढे कितीदा तरी आठवला, अर्धा आपला आणि अर्धा पांढरा. साबण वाळून गालावर त्याच्या खपल्या धरेपर्यंत ते तसेच उभे होते. मग त्यांनी उरलेली दाढी न करता तोंड धुतलं आणि न जेवता ऑफिसात गेले. त्यांच्याकडे महिन्यांच्या दिवसांचा एक तक्ता होता, स्वतः आखलेला, सुबक, जानेवारी एकतीस, फेब्रुवारी अठ्ठावीस, मार्च एकतीस. त्या लीप वर्षाच्या आदल्या वर्षी केलेला. बाबांच्या तक्त्यावर सगळं ऑफिस डोळे मिटून विश्वास ठेवायचं आणि त्या वेळी बाबांनीही ठेवला. गुणाकार बरोबर, बेरीज बरोबर, दुसऱ्या तपासनीसाने प्रत्येक आकड्यावर केलेली खूण बरोबर. दिवस तेवढा चुकला होता. पुढे मोठेपणी तिने विचार केला तेव्हा तिला जाणवलं, की नवशिक्याच्या हातून ही चूक झालीच नसती. त्याने बिचाऱ्याने कॅलेंडर काढून दिवस मोजले असते.

आठ दिवसांनी बाबा त्या दवाखान्याला निघाले. आई मावशीकडे गेलेली, शाळा बंद, म्हणून तिला बरोबर घेतलं. बसमध्ये तीन तास. ते खिडकीशी बसले आणि मांडीवरची चामडी पिशवी त्यांनी एकदाही खाली ठेवली नाही. दवाखान्याचे मुख्य डॉक्टर लगबगीने बाहेर आले, या या साहेब, कळवायचं ना, कशाला त्रास घेतलात, एवढंसं काम, टपालाने आलं असतं. बाबांनी विचारलं, कोठीबाई कुठे आहेत? डॉक्टर म्हणाले, तिला इथेच बोलावतो. बाबा नको म्हणाले आणि चालू लागले. लांब ओसरी, फिनाइलचा वास, एका खाटेवर पाय वर टांगलेला म्हातारा, त्याने तिला डोळा मारला. कोठी म्हणजे स्वयंपाकघराला लागून एक अंधारी खोली, त्यात पोती, मापं, दुधाचे कॅन. आणि एक किडकिडीत बाई, कमरेला किल्ल्या, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. बाबांच्या मागून तिने आत डोकावून पाहिलं, जाडजूड बाई कुठेतरी मागे असेल म्हणून. मागे कोणी नव्हतं. बाबांनी नमस्कार केला, नाव सांगितलं. बाईंनी हातातलं माप खाली ठेवलं नाही. मग बाबांनी सरळच सांगितलं, की तुमच्यावर दोन वर्षांपूर्वी निघालेला आक्षेप चुकीचा होता, तो मागे घेतला आहे, कापलेला पगार परत मिळेल, हा त्याचा हुकूम. बाईंनी विचारलं, आवाज न चढवता, दुधाचा भाव विचारावा तसं.

"मग एकोणतीस तारखेला पेशंट उपाशी ठेवायचे होते का, साहेब?"

"नाही," बाबा म्हणाले.

"मी तेव्हाही हेच म्हटलं होतं."

तुम्ही लिहून का दिलं नाहीत, असं बाबांनी विचारलं आणि ते विचारतानाच त्यांना उत्तर कळलं असावं, कारण त्यांनी मान वळवून डॉक्टरांकडे पाहिलं. लिहायचा कागद आपल्यापर्यंत आलाच नाही, असं बाई म्हणाल्या. उजव्या अर्ध्या भागात डॉक्टरांनी 'मान्य, वसुली करण्यात येईल' असं एका ओळीत लिहून टाकलं होतं. खुलासा लिहायचा तर कागदपत्रं काढावी लागतात, चार प्रश्न जास्त येतात. दोन वर्षांपूर्वी काटासाहेबांचा आक्षेप आला म्हटल्यावर तो खरा की खोटा हे बघत बसण्यापेक्षा एका कोठीबाईच्या पगारातून दहा हप्ते कापणं सोपं होतं. सुंठीवाचून खोकला गेला. डॉक्टर आता घाईघाईने म्हणाले, झालं गेलं विसरून जा बाई, साहेब स्वतः आलेत. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. बाबांना म्हणाल्या, वसुलीचा हुकूम इथे स्वयंपाकघरात सगळ्यांना उभं करून वाचला होता. "हाही वाचा. सगळ्यांसमोर." आणि बाबांनी वाचला. दोन आचारी, भांडी घासणाऱ्या बायका, दोन नर्सा आणि एक हात गळ्यात बांधलेला पेशंट, जो पाणी मागायला आला होता, एवढ्या सगळ्यांसमोर चुलीच्या धुरात उभं राहून, हेडमास्तरांसमोर निबंध वाचणाऱ्या मुलाप्रमाणे, क्रमांक, दिनांक, संदर्भ, काहीही न गाळता. ती दाराला चिकटून उभी होती. जमीन दुभंगली तर बरं, असं तिला वाटत होतं. माझ्या बाबांना कोणी असं कसं करू शकतं, आणि ते तरी का ऐकतात. वाचून झाल्यावर बाईंनी कागद घेतला, घडी घातली, चष्मा काढला आणि दूध मोजायला सुरुवात केली. बसा म्हणाल्या नाहीत. उपकार झाले असंही म्हणाल्या नाहीत. परतीच्या बसमध्ये बाबांनी तिला विचारलं, लाज वाटली? तिने हो म्हणून मान हलवली. ते म्हणाले, "मला आठ दिवसांपूर्वी वाटली. आज नुसतं वाचायचं होतं." मग त्यांना झोप लागली, पिशवी मांडीवरून घसरून खाली पडली तरी जाग आली नाही.

तेव्हा तिला ते आवडलं नव्हतं. कितीतरी वर्षं आवडलं नव्हतं. कॉलेजात असताना कोणी वडिलांबद्दल विचारलं की ती काटासाहेबांच्या इतर गोष्टी सांगायची, पूल कागदावर कसा होता आणि नदीवर कसा नव्हता, एकाच ट्रकने एकाच दिवशी चार गावांत खडी कशी टाकली. दवाखान्याची गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही. आता वाटत होतं, सांगितली असती तर आठवी ओळ जन्मालाच आली नसती. दुपारी तिने आईला फोन केला आणि वाक्य वाचून दाखवलं. आई म्हणाली, चांगलं लिहिलंय की. ती म्हणाली, आई, दवाखाना. आई म्हणाली, आठवतंय मला, मी काही विसरभोळी झालेली नाही. सात घरं बदलली मी, प्रत्येक वस्तीत किराणावाला मला उधार द्यायला घाबरायचा, काटासाहेबांची बायको म्हणून; कोणी घरी जेवायला बोलवायचं नाही, आपण बोलावलं तर यायचं नाही. एवढं करून एक ओळ मिळाली आहे. "झाकली मूठ राहू दे गं. माणूस गेला, त्याची चूक कशाला मागे ठेवतेस?" फोन ठेवल्यावर तिने भूगोलाची दोन पानं तपासली, त्यात नदीचं पात्र 'पत्र' झालेलं होतं, ते तिच्या नजरेतून सुटलं आणि सहकारिणीने दाखवलं.

आपल्याला नक्की काय हवंय, हे ती घरी जाताना, गर्दीत चालताना, सिग्नलच्या दिव्यापाशी थांबताना स्वतःला विचारत राहिली. खऱ्याची एवढी चाड कुठली, ती रोज छापल्या जाणाऱ्या शंभर खोट्यांवर ऱ्हस्व-दीर्घाचा हात फिरवून पगार घेतेच की. की तो दिवस तिला स्वतःपाशी ठेवायचा होता आणि त्याच वेळी सगळ्यांना दाखवायचाही होता, माझ्याजवळ बाबांचं असं काही आहे जे तुमच्यापैकी कोणाजवळ नाही? शोकात माणूस हावरा होतो, हे तिने वाचलेलं होतं. आपल्यावर येईल तेव्हा ओळखू, असंही वाटलं होतं. ते तिच्या अंगात होतं, नाही कसं म्हणणार. पण त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं आणि ते तिला एका दुकानाच्या काचेत स्वतःचा चेहरा दिसला तेव्हा सापडलं. एकही चूक न केलेल्या माणसाची मुलगी होऊन राहणं तिला नको होतं. असा माणूस तिने पाहिलेलाच नव्हता. तिने पाहिला होता तो धुरात उभा राहून वाचणारा. पाटीवरच्या त्या आठव्या ओळीतून तोच एक गायब होता.

सकाळी ती शिष्यकाकांच्या ऑफिसात गेली. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, कागद हातात घेऊन विचारलं, किती चुका निघाल्या? एक, ती म्हणाली, आणि सांगितलं. शिष्यकाका ऐकत गेले तसे त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव एकेक करून उतरत गेले, शेवटी तपासनीस उरला. ही सगळी हकिकत ते नोकरीला लागण्याच्या आदल्या वर्षाची होती. साहेबांच्या तोंडून त्यांनी कधी ऐकली नव्हती. म्हणाले, तू अकरा वर्षांची होतीस. एखादा आक्षेप निकाली निघाला असेल आणि तुला तो मागे घेतल्यासारखा वाटला असेल. "पुराव्याशिवाय साहेबांच्या विरुद्ध काही मान्य करायचं नाही, हे मला साहेबांनीच शिकवलंय." ते हसून म्हणाले, पण उठलेही, आणि किल्ली घेऊन तिला तळघरातल्या दप्तरखान्यात घेऊन गेले. मागे घेतलेल्या आक्षेपांची वेगळी नोंदवही असते हे तिला माहीत नव्हतं. सगळ्या ऑफिसच्या साठ वर्षांची मिळून एकच बारीकशी वही होती आणि तिचा बराच भाग कोरा होता. शेवटचा रकाना कारणाचा. पान उलटावं तसं त्या रकान्यात एकच कारण खाली उतरत जात होतं, वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या हातांनी: खुलासा मान्य. खुलासा मान्य. वरीलप्रमाणे. शिष्यकाका हळू आवाजात म्हणाले, असंच लिहितात, म्हणजे चूक कोणाची हे कळत नाही, सभ्यता असते ती एक. मग बाबांचं अक्षर आलं. गेल्या चार महिन्यांत तिने ते अक्षर मुद्दाम कुठे पाहिलं नव्हतं. रकाना पुरला नाही म्हणून शेवटची ओळ त्यांनी रेघेबाहेर नेली होती.

'लेखापरीक्षकाची चूक. त्या वर्षीचा फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा होता. कोठीबाईंचा हिशेब बरोबर. उत्तराचा कागद त्यांना दाखवला गेला नव्हता. यापुढे मी ज्याच्यावर आक्षेप त्याच्या हातात कागद स्वतः देईन.'

शिष्यकाकांनी ते दोनदा वाचलं. खाली वाकून, मग वही उचलून दिव्यापाशी नेऊन. पंचवीस वर्षं ते नव्या पोरांना हेच शिकवत आले होते, कागद वरिष्ठाकडे टाकून पळू नका, शिपाई असो, कोठीबाई असो, ज्याचं नाव आहे त्याच्या हातात द्या आणि तो उत्तर लिहीपर्यंत समोर बसा. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात अशी रीत नव्हती. पोरं विचारायची, असं का, तर शिष्यकाका सांगायचे, साहेबांची पद्धत, साहेब मोठ्या मनाचे होते. आता ते वहीवर बोट ठेवून म्हणाले, "मोठं मन नव्हतं गं हे." आणि थांबले. त्यांना पुढचा शब्द सापडला नाही, आणि तिनेही तो सुचवला नाही. वर आल्यावर मात्र त्यांच्यातला प्रमुख परत जागा झाला. वहीत आहे ते वहीत आहे, ते कोणी खोडत नाही. पण पाटी पितळेची, येणारा-जाणारा वाचणार, उद्या ज्या खात्यांची आपण मानगूट धरतो ते म्हणणार, तुमचे काटासाहेबसुद्धा चुकले होते. त्यांनी मधला मार्ग काढला, की ओळच गाळून टाकू. खोटं नको, खरंही नको. आठ ओळींची पाटीही छान दिसते. ते इतक्या मायेने म्हणाले की ती जवळजवळ हो म्हणाली. आईला बरं वाटलं असतं. शिष्यकाकांना बरं वाटलं असतं. आणि पुढच्या महिन्यात त्या खोलीत येऊन बसणारी पोरं, अंगावर नवे कपडे, हातात कोऱ्या पेन्सिली, त्यांनी आठ ओळी वाचल्या असत्या आणि त्यांना वाटलं असतं, इथे चुकायचं नसतं. मग त्यांच्यातल्या सगळ्यात हुशाराने, सगळ्यात सुबक तक्ता आखणाऱ्याने, एके दिवशी काय केलं असतं?

तिने कागद पुढे ओढला. वीस वर्षांत तिने पुष्कळ लेखकांची वाक्यं वाचवली होती आणि तिला माहीत होतं, चांगल्या वाक्यात फार ढवळायचं नसतं. तिने 'एकही'मधला 'ही' खोडला. मग शेवटचा 'नाही' खोडला. बाकी शिष्यकाकांचं वाक्य तसंच राहिलं, त्यांचा क्रम, त्यांची चौतीस वर्षं, त्यांचा अभिमानसुद्धा. शिष्यकाकांनी चष्मा पुसला, घातला आणि मोठ्याने वाचलं, 'चौतीस वर्षांच्या सेवेत त्यांनी आपला एक आक्षेप मागे घेतला.' ते म्हणाले, बाहेरच्यांना कळणार नाही याच्यात काय एवढं. ती म्हणाली, बाहेरच्यांना नाही कळलं तरी चालेल. मग त्यांनी पाटीचा विषय सोडून दिल्यासारखं विचारलं, बाई काय म्हणाल्या होत्या सांगितलंस, पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितलं. एकोणतीस तारखेला पेशंट उपाशी ठेवायचे होते का. शिष्यकाका गदगदून हसायला लागले, हसता हसता त्यांचे डोळे भरले, आणि ते म्हणाले, हे आता दर वर्षी पहिल्या तासाला सांगणार. बारा वाजायला वीस मिनिटं असताना त्यांनी कागदावर सही केली.

आईला तिने फोनवर नवं वाक्य वाचून दाखवलं. आई म्हणाली, शेवटी केलंसच तू. मग थोड्या वेळाने, एकच? ती म्हणाली, एकच. "चौतीस वर्षांत एकच," आई म्हणाली, आणि त्या आवाजात असं काही होतं की ती फोन कानाला लावून तशीच उभी राहिली, आईने ठेवल्यानंतरही.

दुपारी ती नदीच्या पात्रातला काना नीट लावत असताना पाटी कोरणाऱ्याचा फोन आला. माणूस वयस्कर असावा, मागे कानस चालल्याचा आवाज येत होता. त्याने आधी माफी मागितली. म्हणाला, ऑफिसात विचारलं तर ते म्हणाले मजकूर तुम्ही तपासलाय, म्हणून तुम्हालाच विचारतो, आम्ही अक्षरं कोरणारी माणसं, आम्हाला व्याकरण कळत नाही, पण चाळीस वर्षं पाट्या कोरतोय, अशी ओळ मी कधी कोरली नाही.

"ताई, आठव्या ओळीत 'नाही' राहून गेलंय बघा. घालून घेऊ का?"

"राहून गेलेलं नाही," ती म्हणाली.

पलीकडे कानस थांबली. तो ओळ पुन्हा स्वतःशी वाचत असावा. मग म्हणाला, "पितळ आहे हो. एकदा कोरलं की खोडता येणार नाही."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तसंच कोरा."